सर पीटर फ्रायर : मुतखड्यावर तयार झालेलं बोट आणि प्रोस्टेटचा पदर

सह्यकडा

१ डिसेंबर १९०० रोजी लंडनमध्ये पीटर जॉन्स्टन फ्रायर या सर्जनने ६९ वर्षांच्या एका रुग्णाचं मूत्राशय ओटीपोटावरून उघडलं आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी बोटाने सोलून बाहेर काढली. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी अशा चार रुग्णांची हकिगत छापली. चौघेही बरे झाले होते आणि कॅथेटरशिवाय लघवी करत होते. १९१२ पर्यंत हजार शस्त्रक्रिया झाल्या, मृत्यू साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, रक्त चढवण्याची सोय नव्हती, रुग्ण साठी-सत्तरीचे आणि किडन्या आधीच थकलेल्या. हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा.

फ्रायर यांची ऐन उमेदीची २१ वर्षं हिंदुस्थानात गेली. ते मूळचे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे परगण्यातले, जन्म १८५१. गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजातून १८७४ साली एम.डी. झाले आणि १८७५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिले आले. मग १८९६ पर्यंत नोकरी, बरीचशी तेव्हाच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात. त्या भागातल्या सिव्हिल सर्जनपुढे मुतखड्याचे रुग्ण सतत यायचे, लहान मुलंसुद्धा. रामपूरच्या नबाबाचा खडा काढल्याबद्दल फ्रायर यांना लाखभर रुपये बिदागी मिळाली आणि त्यावरून सरकारदरबारी वाद झाला. एवढीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यांनी तिथे पेन्सिलीएवढ्या लोखंडी दांड्याच्या टोकाने, आत काहीही न दिसता, खडा कुठला आणि मूत्राशयाची भिंत कुठली हे ओळखायचा शेकडो वेळा सराव केला, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते पुढचं सगळं त्या सरावातून आलं.

त्याआधी लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय व्हायचं, तेही सांगतो. प्रोस्टेट मूत्रमार्गाला वेढून असते. तिचा आतला भाग वाढला की मार्ग चेपला जातो. मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, तरी पूर्ण रिकामं होत नाही. उरलेली लघवी कुजते, तिच्यात खडे धरतात, दाब उलटा किडन्यांवर येतो. यावर बहुतेकांसाठी उपाय एकच, कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशयात घालायची नळी. रुग्णाला तो स्वतः घालायला शिकवत आणि दिवसातून चार-पाच वेळा तो घालावा लागे. लोक तो टोपीच्या आतल्या पट्टीत ठेवून फिरत. उकळणं, निर्जंतुक करणं बहुतेकांच्या गावीही नव्हतं. काही महिन्यांत थंडी वाजून ताप, मग पू, मग किडनीचा संसर्ग. डॉक्टर त्याला 'कॅथेटर-जीवन' म्हणत, आणि ते फार वर्षांचं नसे.

१८९७ मध्ये फ्रायर लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात रुजू झाले. हे रुग्णालय खास मुतखड्याचं आणि मूत्रविकारांचं. तिथे म्हातारे रुग्ण येत. खडा फोडून काढला तरी वर्षा-दोन वर्षांत नवा खडा घेऊन परत येत, कारण अडथळा तसाच असे. खड्याचा सर्जन प्रोस्टेटकडे वळला तो या वाटेने.

---

इंद्रायणी

उत्तम धागा. 'बोटाने सोलून' म्हणजे नेमकं काय? ग्रंथी आतून कापून काढावी लागत नाही का? आणि दिसत नसताना बोट योग्य जागी आहे हे कसं कळायचं?

---

सह्यकडा

इंद्रायणी, सगळं त्या एका प्रश्नातच आहे.

वाढलेली प्रोस्टेट म्हणजे नागपुरी संत्रं समजा. आतला गर म्हणजे वाढलेल्या गाठी. बाहेरची साल म्हणजे मूळ ग्रंथी, जी दाबली जाऊन पातळ झालेली असते. दोन्हींच्या मध्ये एक सैल पदर असतो. नख त्या पदरात शिरलं की गर अख्खा सुटतो. जास्त खोल गेलात तर सालीला भोक पडतं, वरवर राहिलात तर गर फाटून तुकडे हातात येतात.

फ्रायर यांचा क्रम असा:

आधी जाड कॅथेटर घालून मूत्राशय बोरिक लोशनने धुवायचं आणि लोशन भरून ते फुगवायचं. फुगलेलं मूत्राशय पोटाच्या भिंतीला येऊन टेकतं आणि आतड्यांवरचं आवरण वर सरकतं. ही पायरी टाळली तर चाकू पोटाच्या पोकळीत जाण्याची भीती. कॅथेटर तसाच ठेवायचा.

मग जांघेच्या हाडाच्या वर मध्यरेषेवर साधारण तीन इंचांची चीर. आवरण बोटाने वर लोटायचं. समोर मोठमोठ्या शिरा दिसल्या की ते मूत्राशय. शिरा चुकवून चाकू टोचायचा. पाणी उसळलं की लगेच उजव्या हाताचं बोट आत. आत खडा असेल तर तो आधी काढायचा.

आता डाव्या हाताचं बोट गुदद्वारातून घालून प्रोस्टेट वर उचलून धरायची. ही हालचाल विसरली तर वरचं बोट पोचतच नाही, कारण ग्रंथी खाली ओटीत लपलेली असते. डाव्या बोटाने ती वर आली की उजव्या बोटाच्या नखाने सगळ्यात फुगलेल्या भागावरची पातळ त्वचा खरवडायची आणि पदर शोधायचा. एका बाजूने फिरत पुढे हाडामागे, मग दुसरी बाजू, शेवटी खालचं टोक. मूत्रमार्गात असलेला कॅथेटर बोटाला वाट दाखवतो. सुटलेली गाठ मूत्राशयात ढकलायची आणि चिमट्याने बाहेर. सरावलेल्या हाताला सोलण्याचा भाग काही मिनिटांचा.

बोट योग्य पदरात आहे हे प्रतिकारावरून कळतं. पदरात बोट सरकतं. अडलं की जोर करायचा नाही, दुसऱ्या बाजूने यायचं. दोन बोटांमध्ये, म्हणजे वरच्या आणि गुदद्वारातल्या बोटामध्ये, किती जाडी उरली आहे ते सतत जाणवत राहतं. तेच मोजमाप.

आणि हे सगळ्यांत जमत नाही. काही प्रोस्टेट लहान, चिवट, तंतुमय असतात. त्या संत्र्यासारख्या नसतात, मोसंबीसारख्या असतात. साल गराला घट्ट चिकटलेली. तिथे बोट घालून ओरबाडलं की रक्तस्राव आणि फाटाफूट. कॅन्सर असला तरी पदर हरवतो. त्यामुळे मोठी, मऊ, गुळगुळीत ग्रंथी हा या शस्त्रक्रियेचा उत्तम रुग्ण. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण मोठी ग्रंथी काढायला सोपी.

---

निर्गुडी

मुतखड्याच्या भागात भर घालते, कारण फ्रायर यांचं शिक्षण तिथे झालं हे सह्यकडा यांचं म्हणणं पटतं.

आधी पॅरिसमध्ये सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा फोडून दाखवला. पण एका बैठकीत थोडंच फोडायचं आणि चुरा रुग्णाने स्वतः लघवीतून टाकायचा, असं आठवडेच्या आठवडे चाले. कडा धारदार असत, अडकत, टोचत. बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये हे मोडलं. भूल द्या, एकाच बैठकीत पूर्ण फोडा आणि जाड नळीतून चुरा लगेच ओढून काढा. मूत्रमार्ग समजतात त्यापेक्षा बराच रुंद होतो, हे तेव्हा नुकतंच लक्षात आलं होतं. त्यांच्या नळ्या २७ ते ३१ नंबरच्या. फ्रेंच मापात नंबराला तीनने भागलं की मिलिमीटर, म्हणजे ३० नंबरची नळी १० मिमी.

हीच लिथोलॅपॅक्सी. फ्रायर यांनी ती हिंदुस्थानात लगेच उचलली आणि १८८६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं.

कृती: कंबर थोडी उचललेली, म्हणजे खडा मूत्राशयाच्या मागच्या भागात घरंगळतो. आत १२० ते १७० मिली कोमट पाणी. कमी पाणी असेल तर भिंतीच्या घड्या उपकरणात सापडतात, जास्त असेल तर खडा पळत राहतो. लिथोट्राइट म्हणजे दोन पात्यांची चोच असलेला दांडा. चोच तळाशी टेकवून वरचं पातं मागे ओढायचं, हलका हिसका दिला की खडा आपोआप पात्यांत येतो. खडा शोधत फिरायचं नाही, खड्याला येऊ द्यायचं. पकडला की कळ फिरवून बंद, आणि मग चोच मूत्राशयाच्या मध्यभागी उचलून थोडी फिरवून बघायची. मोकळी फिरली तर भिंत सापडलेली नाही. त्यानंतरच स्क्रू आवळायचा. ही एक खात्री न करणाऱ्यांनी मूत्राशयं फाडली आहेत.

उपकरण बाहेर काढताना पाती पूर्ण मिटलेली हवीत. खालच्या पात्याच्या खिडकीत चुरा अडकून ती अर्धवट मिटली असतील तर मूत्रमार्ग सोलवटून निघतो. अशा वेळी पाती आतच उघडझाप करून चुरा झटकायचा.

मग नळी घालायची आणि तिला इव्हॅक्युएटर जोडायचा, म्हणजे पाण्याने भरलेला रबरी फुगा, खाली काचेचं भांडं. फुगा दाबला की पाणी आत, सोडला की पाणी आणि चुरा परत, चुरा काचेत बसतो. फुग्यात हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी नीट ओढलं जात नाही आणि आवाजही फसवतो. हो, आवाज. उरलेला तुकडा नळीच्या तोंडावर आपटला की टिकटिक ऐकू येतं. मूत्राशयाची भिंत ओढली गेली तर फडफड जाणवते, बोथट. ओटीपोटावर कान लावून, टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत काम संपलं असं म्हणायचं नाही. एक कण राहिला तरी त्याच्याभोवती नवा खडा धरतो.

एक मराठी मुलखाजवळचा धागाही इथे आहे. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद म्हणून ही शस्त्रक्रिया फक्त मोठ्या माणसांची, असा तेव्हाचा पक्का समज. तो खोटा ठरवला होळकरांच्या इंदूरमध्ये, रेसिडेन्सीचे सर्जन कीगन यांनी, १८८० च्या दशकात. उपकरणं बारीक केली, नळ्या बारीक केल्या, आणि लहान मुलग्यांच्या शस्त्रक्रियांची पूर्ण आकडेवारी छापली.

---

गावकूस

त्या काळी मुलांना मूत्राशयात एवढे खडे का होत? आता तर लहान मुलांत क्वचितच ऐकू येतं.

---

निर्गुडी

आहारामुळे. दूध लवकर तुटलं, पुढे जवळजवळ फक्त धान्य. दूध आणि प्राणिज प्रथिनं नसली की लघवीत फॉस्फेट कमी, अमोनिया जास्त, आणि अमोनियम युरेटचे खडे थेट मूत्राशयात धरतात. त्यात उन्हाळा आणि हगवण, म्हणजे लघवी घट्ट. सिंध, पंजाब, काठियावाड हे त्याचे मोठे पट्टे. आहार सुधारला तसे हे खडे गेले. हल्ली मोठ्यांना होतात ते बहुतेक किडनीतले, कॅल्शियमचे. तो वेगळा आजार म्हणा.

---

पाणपोई

सुश्रुतसंहितेतल्या चिकित्सास्थानातली अश्मरीची, म्हणजे मुतखड्याची शस्त्रक्रिया इथे आठवते ती दोन कारणांनी. डाव्या हाताची बोटं गुदद्वारातून घालून खडा खाली ओढून फुगवटा आणायचा, शिवणीच्या (गुदद्वार आणि वृषण यांमधल्या मध्यरेषेच्या) डाव्या बाजूला जवाएवढं अंतर सोडून चीर द्यायची आणि वाकड्या टोकाच्या शस्त्राने खडा काढायचा. म्हणजे फ्रायर यांच्यासारखंच गुदद्वारातलं बोट, फक्त उलट दिशेला. त्यांनी ग्रंथी वर उचलली, इथे खडा खाली आणला.

दुसरं, खडा फुटू देऊ नका, थोडा चुराही राहिला तरी तो पुन्हा वाढतो, हे तिथे स्पष्ट सांगितलं आहे. निर्गुडी यांनी लिहिलेल्या टिकटिकीमागचं कारण तेच.

पण यावरून फ्रायर हे तिथून शिकले असं कुणी म्हणू नये. खालून खडा काढायची पद्धत युरोपातही जुनी होती. शरीराची रचना एकच असल्यावर दोन ठिकाणच्या हातांना एकच युक्ती सुचते.

---

माळरान

धाग्यात फ्रायर यांचं कौतुक योग्य आहे, पण श्रेयाचा वाद टाळून चालणार नाही.

लीड्सचे मॅकगिल १८८७ पासून ओटीपोटावरून प्रोस्टेटचे अडवणारे भाग काढत होते, पूर्ण नाही तरी. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी १८९४-९५ मध्येच ओटीपोटावरून बोटाने संपूर्ण गाठ काढून ते छापलं होतं. फरक एवढाच की मूत्राशयाच्या मानेची (जिथून मूत्रमार्ग सुरू होतो त्या भागाची) त्वचा कापायला ते करवती कडेची कात्री वापरत, आणि ग्रंथी वर उचलायला बाहेरून मूठ दाबत. न्यूयॉर्कचेच गिटेरास १९०० मध्ये लंडनला आले होते आणि फुलर यांची पद्धत त्यांनी फ्रायर यांना सांगितली, असं फुलर यांच्या बाजूचं म्हणणं. १९०५ मध्ये फुलर यांनी यावर लेखच लिहिला.

फ्रायर यांनी 'नवी पद्धत' असा दावा शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या लेखांची भाषा भांडखोर आहे. फुलर यांना त्यांचं देणं द्यायला हवं होतं.

---

सह्यकडा

माळरान, फुलर यांचं आधीपण मान्यच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

तरी ही शस्त्रक्रिया जगभर गेली ती फ्रायर यांच्यामुळे, आणि त्याचं कारण आकडेवारी. फुलर यांनी सुरुवातीला मोजक्याच केसेस छापल्या होत्या. फ्रायर यांनी चार, मग काही डझन, मग शंभर, मग हजार, असं सलग छापलं. वय, गाठीचं वजन, कॅथेटर किती वर्षं, मृत्यू झाला तर कशाने. फसलेल्या केसेस लपवल्या नाहीत. गावोगावच्या सर्जनला त्यावरून स्वतःचा हिशेब तपासता आला. ही सवयही मला इंडियन मेडिकल सर्व्हिसची वाटते. तिथे इस्पितळांचे वार्षिक तक्ते भरावेच लागत, आणि खड्याच्या शस्त्रक्रियांची तुलना सतत छापून येई.

मृत्यूंचं कारण बघितलं तर रक्तस्राव पहिला येत नाही. किडनी निकामी होणं, जंतुसंसर्ग, छातीचे विकार हे जास्त. म्हणून पुढच्या पिढीने शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केली: आधी ओटीपोटातून नळी घालून काही दिवस लघवी मोकळी करायची, किडन्या सावरल्या की गाठ काढायची. तुंबलेल्या माणसाची थेट गाठ काढायची नाही, हा नियम तेव्हापासून आजवर तसाच आहे.

---

इंद्रायणी

रक्तस्रावाचं काय मग? आत उघडी जखम, टाके नाहीत. रक्त थांबायचं कसं?

---

सह्यकडा

गाठ निघाली की साल आकसते. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसून रक्त थांबतं, काहीसं तसं. फ्रायर गरम लोशनने धूत आणि दोन्ही बोटांमध्ये पोकळी दाबून चोळत, म्हणजे ती लवकर आकसते. मग ओटीपोटाच्या जखमेतून एक अंगठ्याएवढी जाड रबरी नळी मूत्राशयात ठेवत, बाजूला मोठी भोकं असलेली. ती एवढी जाड का? बारीक नळी गुठळीने बुजते. नळी बुजली की मूत्राशय फुगतं, फुगलं की साल ताणली जाते, ताणली की रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात. रक्त, गुठळी, फुगणं, पुन्हा रक्त, असं चक्र सुरू होतं. जाड नळीतून गुठळ्या बाहेर पडतात आणि चक्र सुरूच होत नाही.

नळी साधारण चार दिवसांनी काढत. मग जखमेतून लघवी झिरपत राहायची, पट्ट्या दिवसरात्र बदलाव्या लागायच्या, आणि काही आठवड्यांनी लघवी नैसर्गिक मार्गाने यायला लागली की वरची जखम आपोआप भरायची. यश परिचारिकांच्या पट्ट्यांवर किती अवलंबून होतं हे त्यावरून समजेल.

मुख्य रक्तवाहिन्या मूत्राशयाच्या मानेपाशी, घड्याळाच्या पाच आणि सात वाजण्याच्या जागी असतात. त्या डोळ्यांनी बघून टाके घालायची पद्धत नंतर आली. १९३० च्या दशकात फोली यांचा फुग्याचा कॅथेटर आला. टेरेन्स मिलिन यांनी (तेही आयरिशच) १९४५ मध्ये मूत्राशय न उघडता हाडामागून थेट साल उघडून गाठ काढली आणि वाहिन्या समोर बघून बांधल्या.

---

निर्गुडी

एक चूक नोंदवायलाच हवी, कारण तिचा आजच्या रुग्णांशी संबंध आहे. फ्रायर 'संपूर्ण प्रोस्टेट काढली' असं म्हणत. ते खरं नव्हतं. सेंट थॉमस रुग्णालयाचे कथबर्ट वॉलेस यांनी दाखवलं की बोटाने निघते ती फक्त वाढलेली गाठ. मूळ ग्रंथी दबून सालीच्या रूपात आतच राहते. फ्रायर त्या सालीला ग्रंथीबाहेरचं आवरण समजत होते. रुग्ण बरे झाले, तरी रचनेचं त्यांचं वर्णन चुकीचं होतं.

मॅकनील यांनी १९७० च्या दशकात हे भाग नीट वेगळे केले. वाढ होते ती मूत्रमार्गाभोवतीच्या आतल्या भागात. कॅन्सर मात्र बहुतेकदा बाहेरच्या भागात सुरू होतो, आणि तो भाग तर शस्त्रक्रियेनंतरही जागेवरच असतो.

म्हणून 'बाबांची प्रोस्टेट काढलीय, आता कॅन्सरची भीती नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, ते चुकीचं आहे. दुर्बिणीने असो, लेझरने असो, पोट उघडून असो, साध्या वाढीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साल उरते. काढलेला गर पॅथॉलॉजीला गेला का आणि रिपोर्ट आला का, ते आधी बघा. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) खाली येतो; साधारण तीन महिन्यांनी येणारा आकडा नवा पाया धरून लिहून ठेवा. त्यानंतर तो चढायला लागला तर 'ग्रंथी नाहीच' म्हणून दुर्लक्ष करू नका.

---

गावकूस

आज दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाल्यावर पिशवीत लाल पाणी दिसतं आणि नातेवाईक घाबरतात. सह्यकडांनी सांगितलेलं गुठळीचं चक्र आजही तसंच असतं का?

---

निर्गुडी

तसंच. फक्त फ्रायर यांच्या जाड नळीचं काम आता तीन तोंडांचा कॅथेटर करतो, २२ किंवा २४ नंबरचा. एका तोंडातून सलाइन आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसरं ३० ते ५० मिलीचा फुगा फुगवायला. वर तीन लिटरची सलाइनची पिशवी.

रंगापेक्षा हिशेब बघा. जेवढं आत गेलं तेवढं अधिक लघवी, एवढं बाहेर यायला हवं. गुलाबी पाणी वाहतं आहे तोवर काळजी नको. बाहेरचा प्रवाह थांबला, ओटीपोट टणक झालं, लघवीची असह्य कळ आली किंवा कॅथेटरच्या बाजूने गळायला लागलं, तर आधी आत जाणारं सलाइन बंद करायचं आणि नर्सला हाक मारायची. सलाइन चालू ठेवून वाट बघणं सगळ्यात वाईट. नळी पायाखाली दुमडली आहे का ते बघून मग ५० मिलीच्या सिरिंजने गुठळी ओढली जाते.

घरी गेल्यावर सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान खपली सुटते आणि पुन्हा लाल लघवी होऊ शकते. बद्धकोष्ठ टाळा, कुंथू नका, वजन उचलू नका, दुचाकी काही आठवडे नको, पाणी नियमित प्या. गुठळ्या येऊन लघवी अडली तर लगेच इस्पितळ. रक्त पातळ करणारी गोळी परत कधी सुरू करायची, ते सर्जनला आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

---

माळरान

मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर फ्रायर यांची पद्धत संपलीच ना? १९२० आणि १९३० च्या दशकांत रिसेक्टोस्कोप (कापणारी दुर्बीण) आला आणि विजेच्या तारेने आतून फोडी काढायला सुरुवात झाली. त्यात पदर सापडायची गरज नाही.

---

सह्यकडा

तारेच्या पद्धतीत गर आतून बाहेर, फोडी-फोडीने काढतात, सालीपर्यंत. मोठ्या ग्रंथीत वेळ फार लागतो आणि आत वापरलेलं पाणी उघड्या शिरांतून शरीरात शोषलं जातं. पूर्वी दीड टक्का ग्लायसीन वापरत. ते जास्त शोषलं गेलं की रक्तातलं सोडियम पडायचं, रुग्ण गोंधळायचा, उलट्या, कधी झटके. त्यामुळे तासाभरात आटपायचा दंडक. बायपोलर यंत्र आल्यावर सलाइन चालू लागलं आणि हा धोका खूप कमी झाला.

पण १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये गिलिंग यांनी होल्मियम लेझरने गाठ सोलायला सुरुवात केली. दुर्बीण मूत्रमार्गातून, लेझरचा तंतू बारीक, त्याचा किरण अर्धा मिलिमीटरही खोल न जाणारा. दुर्बिणीची चोच वापरून गर सालीपासून लोटायचा, लेझरने फक्त चिकटलेले धागे आणि वाहिन्या तोडायच्या. सुटलेला गर मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे मॉर्सेलेटरने बारीक करून ओढायचा. पदर तोच, मूत्राशयात आणून मग बाहेर काढणंही तेच. शेवटची पायरी तर बिगेलो यांच्या फुग्याची सख्खी बहीण. मॉर्सेलेटर चालवताना मूत्राशय पूर्ण भरलेलं हवं, नाहीतर भिंत पात्यात सापडते. कमी पाण्यात भिंत सापडते, हे लिथोट्राइटलाही लागू होतं.

---

इंद्रायणी

सोलताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते? बोट असो की लेझर.

---

सह्यकडा

खालच्या टोकाला. तिथे मूत्रमार्ग गाठीतून बाहेर पडतो आणि लागूनच लघवी धरून ठेवणारा स्नायू असतो. गाठ तीन बाजूंनी सुटली की मोह होतो, ओढून काढायचा. ओढलं की मूत्रमार्गाची त्वचा स्नायूसकट खाली फाटत जाते आणि माणूस आयुष्यभर गळत राहतो. बोटाने करताना तिथे ओढायचं नसतं. मूत्रमार्ग गाठीला लगटून, तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत किंवा नखाने खुडायचा, कधी कात्रीने कापायचा. लेझरवाले आता पुढच्या बाजूची त्वचेची पट्टी आधीच सोडवून घेतात, म्हणजे गाठ लोटताना स्नायूवर ताण येत नाही. नवशिक्यांना पहिल्या काही डझन केसेसमध्ये काही आठवडे गळती दिसते ती याच जागेमुळे. बहुतेकांची ओटीच्या स्नायूंच्या व्यायामाने भरून येते: लघवी मध्येच रोखल्यासारखं आवळायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. कॅथेटर आत असताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच शिकून ठेवायचा आणि कॅथेटर निघाला की सुरू करायचा.